माल जातो, जात जाते, हक्क तेवढा नाक्यावर थांबतो



रस्त्यावर कविता लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मीही लिहिल्यात. पण आज कविता नाही. आज एका रस्त्याचा हिशेब मांडायचाय, आणि हिशेबात अलंकार आडवे येतात.

रस्ता आमच्या कोल्हापूरवरनं जाणारा. लोक त्याला अजून पुणे-बेंगलोर रोडच म्हणतात. २०१० साली सरकारनं महामार्गांचे नंबर बदलले. दिल्ली-मुंबईचा जुना ८ नंबर आणि मुंबई-चेन्नईचा जुना ४ नंबर, यांचा बराचसा भाग जोडून एकच ४८ नंबर केला. आता तो दिल्लीतनं निघतो. हरियाणात गुडगाव, राजस्थानात जयपूर, उदयपूर, गुजरातेत अहमदाबाद, बडोदा, सुरत. मग मुंबई. पुढं पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर. कागल सोडलं की कर्नाटक. निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, बेंगलोर. त्यापुढं तामिळनाडूतलं होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर, कांचीपुरम, आणि शेवटी चेन्नई. दिल्ली आणि सहा राज्यं. सुमारे २,८०० किलोमीटर. नंबर एकच.

मी मुंबईला गोदीत ओझं उचलतो. दहावी पास. आमचा आज्जा त्याला मॅट्रिक म्हणायचा आणि चारचौघात छाती फुगवायचा. गोदीत उभं राहिलं की हा रस्ता उलट्या बाजूनं दिसतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या एमआयडीसीतलं कास्टिंग, कारखान्यांची साखर, आमचा गूळ, आमच्या चपला, सगळं याच रस्त्यानं वर येतं आणि बोटीत चढतं. २०१७ साली जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे कराचे नाके उठले. आता मालाचा कागद फोनवर दिसतो. कोल्हापुरात भरलेल्या पेटीला कुणी विचारत नाही, तू कुठल्या राज्याची.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ रस्ता पाण्याखाली गेला. ट्रकच्या रांगाच्या रांगा अडकल्या. पुण्या-मुंबईत दुधाची बोंब झाली. टीव्हीवाले होड्यांतनं फिरले, मंत्री विमानातनं बघून गेले. माल थोडे दिवस थांबला तर सगळ्या देशाला कळतं. याच रस्त्यावर काही माणसं पंचाहत्तर वर्षं थांबून आहेत. त्यांची बातमी होत नाही. मी त्यांच्याबद्दल लिहितोय.

आधी जुनं काढूया, कारण आजचं त्याच्यातनंच आलंय.

आमच्या भागात महाराला तराळ म्हणायचे. गावकीचं काम करायची ज्याची पाळी, तो तराळ. सरकारी माणूस गावात आला की तराळानं त्याच्या घोड्यापुढं पळायचं, वाट दाखवायची, त्याचं सामान डोक्यावर घ्यायचं आणि गावाच्या हद्दीपर्यंत न्यायचं. हद्दीवर पुढच्या गावचा तराळ उभा. ओझं याच्या डोक्यावरनं उतरून त्याच्या डोक्यावर. हा माघारी. ओझं असं गावागावातनं शंभर मैल जायचं. तराळ मात्र आयुष्यभर तीन मैलांतच. त्याला पुढं जायची सोय नव्हती, कारण त्याचं वतन त्या गावापुरतं, त्याची भाकर त्या गावापुरती, त्याचं महारपणही त्या गावच्या दप्तरात लिहिलेलं. ओझ्याला हद्द नव्हती, ओझं वाहणाऱ्याला होती. हे नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात हे महार वतन मोडलं. दहा वर्षांनी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. मुंबई राज्याचा कनिष्ठ गावकामगार वतनं मोडण्याचा कायदा यायला १९५८ साल उजाडलं. ज्यांनी या देशाला वाट दाखवली त्यांना त्या कामातनं सुटायला एवढी वर्षं लागली.

आणि वाट दाखवणाऱ्याला वाटेवर जागा होती का? पेशवाईच्या पुण्यात आपल्या माणसाच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं होतं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेवरच्या भाषणात मांडून ठेवलंय. ते पुणं याच ४८ नंबरवर आहे. पुढं सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशन, तेही या रस्त्यापासून फार लांब नाही. तिथं १९०१ च्या सुमाराला नऊएक वर्षांचे भीमराव आपल्या भाऊ-भाच्यांबरोबर उतरले. बापाला भेटायला निघालेली पोरं. चांगले कपडे, खिशात पैसे. पण महार म्हणताच एकही गाडीवान गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं दिलं, बैल पोरांनीच हाकायचे आणि गाडीवान पायी चालणार, असं ठरलं. रात्री टोलनाक्यावर पोचली. जवळ जेवण होतं, पाणी नव्हतं. मुसलमान आहोत असं सांगून बघितलं, तरी नाकेवाल्यानं पाणी दिलं नाही. पोरं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय.

आज किणीला, तासवड्याला टोलनाका आहे. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा. यंत्र काचेवरचा टॅग वाचतं, जात वाचत नाही. आपल्यातली काही शिकलेली मंडळी लगेच म्हणतात, बघा, रस्त्यानं जात संपवली. अरे भावा, यंत्र गाडी वाचतं. गाडीतल्या माणसाला उतरून पलीकडच्या राज्यात राहू दे, शिकू दे, नोकरी मागू दे. मग बघ काय वाचलं जातं ते.

आमच्या वहिनीची गोष्ट सांगतो. वहिनी हुबळीची. घरात मराठी, शाळेत कन्नड. आमच्याच जातीची. लग्न होऊन कोल्हापूरला आली. हुबळी आणि कोल्हापूर, दोन्ही ४८ नंबरवर. सकाळी एसटीत बसली तर दुपारी माहेरी. वहिनी शिकलेली, इकडं नोकरीचा फॉर्म भरायला गेली. एका कार्यालयातल्या साहेबानं दाखला उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "बाई, हा दाखला पलीकडचा. इकडं तुम्ही ओपनमध्ये."

वहिनी घरी आली आणि माझ्या भावाला म्हणाली, "अहो, भाड्यानं खोली बघायला गेलो होतो तवा मालकीणबाईनं आडनाव विचारलं. तवा मला कुणी ओपन म्हटलं न्हाई."

यावर मी आणखी काय लिहू? पण लिहायला पाहिजे, कारण तो साहेब खोटं बोलला नव्हता. कायदाच तसा आहे, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना तो ठाऊक आहे.

घटनेचं कलम ३४१. अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपती काढतात, ती राज्यागणिक. महाराष्ट्राची वेगळी, कर्नाटकाची वेगळी. १९९० साली सुप्रीम कोर्टापुढं आंध्रातनं लहानपणी मुंबईला आलेल्या एका मुलाची केस होती. त्याची जमात आंध्रात यादीत होती आणि तो मुंबईतल्या मेडिकल कॉलेजात राखीव जागा मागत होता. कोर्ट म्हणालं, यादी त्या त्या राज्याच्या संबंधात आहे, राज्य सोडलं की दर्जा बरोबर येत नाही. २०१८ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तेच पक्कं केलं. केंद्राच्या देशभरच्या नोकऱ्यांची गोष्ट वेगळी, पण राज्याच्या नोकरीत आणि कॉलेजात परराज्यातला दाखला चालत नाही. यामागचा विचार असा, की एका राज्यात जी जात मागास, ती दुसऱ्या राज्यात तशीच मागास असेल असं नाही.

विचार म्हणून ऐकायला ठीक. आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. महाराष्ट्राच्या यादीत महार आहे, तराळ आहे, धेगू-मेगू आहे. कर्नाटकाच्या यादीतही महार, तराळ, धेगू-मेगू. मांग, मातंग इकडं आहेत तसे तिकडंही. चांभार इकडं, चांभार तिकडं. एकच नाव, एकच धंदा, सोयरीक एक, देव्हाऱ्यातला बाबासाहेबांचा फोटोही एकच. जिथं दोन्ही सरकारांनी त्याच जातीला अस्पृश्य म्हणून लिहून घेतलंय, तिथं दूधगंगा ओलांडल्यावर ती जात सुधारते ती कशानं? नदीच्या पाण्यानं?

आणि गंमत बघा. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१९ साली त्याची बातमी आली. ते मानांकन दोन राज्यांना मिळून आहे. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सरकारनं कबूल केलं की ही कारागिरी एक आहे, मधली हद्द तिला लागू नाही. चपलेला दोन्ही राज्यांत चालणारा दाखला मिळाला. चप्पल शिवणाऱ्याच्या पोरीला मिळाला नाही.

कोर्टाच्या घरातनंही एक फट पडलीय, तीही सांगतो. अत्याचार झाला तर काय? कर्नाटकाच्या दाखल्याच्या माणसाला महाराष्ट्रात जातीवरनं मारलं, तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू होणार की नाही? २०२३ च्या ऑगस्टात मुंबई हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पूर्णपीठानं सांगितलं, होणार. संरक्षण देशात कुठंही मिळेल, मूळ राज्यापुरतं नाही. म्हणजे कोर्टानं मान्य केलं की जात माणसाबरोबर हद्द ओलांडते. मार खायला ओलांडते, शिवी खायला ओलांडते. मग शिकायला आणि कमवायला का नाही?

इथं आपल्यातलेच काही जण उठतील. मला माहीत आहे, कारण वस्तीतल्या बैठकीत उठले होते. त्यांचं म्हणणं असं: महाराष्ट्रात आपल्याला १३ टक्के. त्यातल्या जागा भरत नाहीत, भरल्या तर कंत्राटावर. त्यात बाहेरचे आले तर आपल्या पोरांनी काय करायचं?

हा प्रश्न खोटा नाही. त्याला लाथ मारून पुढं जाता येणार नाही. पण नीट बघा, भाकर लहान कुणी केली? हुबळीच्या सुनेनं केली का? कायम नोकऱ्या ज्यांनी ठेकेदाराला विकल्या त्यांनी केली. गोदीत मी ते रोज बघतो. एकाच पेटीला हात लावणारे दोन कामगार, एक कायम, एक ठेक्याचा. कायमवाला रिटायर झाला की त्याची जागा त्याच्याबरोबर जाते. आणि आपण एकमेकांचं मूळ राज्य विचारत बसतो. तराळानं तराळाला हद्दीवर अडवायचं, हीच तर गावकी होती.

शिवाय मी सरसकट काही मागत नाही. दिल्लीतल्या बड्या अधिकाऱ्याच्या पोरानं कोल्हापुरात येऊन आमची जागा खावी असं म्हणत नाही. माझं म्हणणं लहान आहे. जी जात दोन्ही राज्यांच्या यादीत त्याच नावानं आहे, त्या जातीची बाई लग्न करून हद्द ओलांडते, किंवा मजूर पोटासाठी ओलांडतो आणि ठरावीक वर्षं राहतो, त्याला आणि त्याच्या पोरांना नव्या राज्यात दाखला मिळावा. जुन्या राज्यातला हक्क सोडावा, नव्यातला घ्यावा. दोन्हीकडं खायचं नाही. यात कुणाचं काय लुटलं जातं?

सीमेवर बोलणारे पुढारी दोन्हीकडं ढिगानं आहेत. ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकार २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. २०२२ च्या डिसेंबरात दोन्ही विधानसभांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले, कोगनोळी नाक्यावर पोलीस उभे राहिले, एसट्या थांबल्या. गाव कुणाचं यावर एवढी आग. पण त्या गावातल्या वस्तीचा दाखला इकडं आणि तिकडं दोन्हीकडं चालावा, असा ठराव मी तरी ऐकला नाही. मराठी म्हणून आम्ही त्यांना हवे आहोत, कन्नड म्हणूनही कुणाला तरी हवे असू. महार म्हणून आम्ही कुणालाच नको.

ही झाली रस्त्याची लांबी. आता रुंदी बघा.

कागलपासून साताऱ्याकडं सहापदरीकरण चाललंय. आधीचा दोनपदरी आमच्या आज्ज्यानं पायी ओलांडला. चौपदरी आमच्या बापानं दुभाजकावर चढून ओलांडला. सहापदरी कसा ओलांडायचा? गाव एका अंगाला, वस्ती दुसऱ्या अंगाला, हे आपलं जुनंच. आता मध्ये ताशी शंभरनं पळणाऱ्या गाड्या आल्या. शाळेला जाणारी पोरं, एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणारा सायकलवाला, भांगलणीला जाणाऱ्या बाया, यांनी पलीकडं जायचं कुठनं? भुयारी रस्ता कारखान्याच्या फाट्याला पडतो, मंगल कार्यालयाच्या फाट्याला पडतो. वस्तीच्या फाट्याला पडायला वस्तीच्या माणसानं अर्ज करावा लागतो, मोर्चा न्यावा लागतो, आणि बहुतेक वेळा आधी कुणीतरी मरावं लागतं.

१९४३ साली नागपुरात देशातल्या मुख्य इंजिनिअरांची परिषद झाली. त्यांनी रस्त्यांची प्रतवारी लावली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे आणि गावाचे. चार वर्ण झाले, बघा. इंजिनिअरांच्या मनात ते नसेल, पण गावाच्या रस्त्यापासून आमच्या वस्तीत शिरणारी जी चिखलाची वाट आहे, ती या चारांत कुठं बसते? ती पाचवी. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. चांगलं झालं. पाटी बदलली. पाटीपासून आतली वाट अजून तीच आहे.

कुणी म्हणेल, हा रस्त्याच्या विरोधात आहे. नाही. रस्ता मला प्यारा आहे. बाबासाहेबांनी गाव सोडा म्हटलं, तेव्हा रस्त्यानंच आपल्याला बाहेर काढलं. केरळात अय्यंकाली १८९३ साली बैलगाडीत बसून बंदी असलेल्या रस्त्यानं गेले. वैकोमला १९२४-२५ साली देवळाभोवतालच्या रस्त्यानं चालायचा हक्क मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. देवळात जाण्यासाठी नाही, नुसतं रस्त्यानं चालण्यासाठी. आपल्या कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांनी चहाचं हॉटेल काढलं, आणि शाहू महाराज भर रस्त्यात गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे, बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. हॉटेलला त्यानं कळा आली. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की रस्ता हा पळण्यासाठीच नसतो, कुणाच्या तरी दारात थांबण्यासाठीही असतो, हे त्या चहानं गावाला दाखवलं. मला तो रस्ता पाहिजे.

रस्ता अडवायचं आपल्याला शिकवायला नको. १९८१ साली निपाणीला तंबाखूचे शेतकरी याच रस्त्यावर आठवडेच्या आठवडे बसले, गोळीबारात माणसं मेली. कोल्हापूरनं शहरातला टोल आंदोलन करून २०१५ साली घालवला. ३ जानेवारी २०१८ च्या बंदात आपण मुंबईचे रस्ते आणि रूळ थांबवले. थांबवायला येतं. पण दुसऱ्या दिवशी आपण घरी जातो आणि रस्ता पुन्हा त्यांचा होतो, कारण कागद त्यांच्याकडं असतात.

म्हणून आता कागदाचं काम. प्रत्येकानं आपल्या वस्तीत घरोघर जाऊन यादी करावी. राज्याची हद्द ओलांडून आलेल्या सुना किती, मजूर किती, कुणाचा दाखला कुठल्या ऑफिसातनं परत आला, कधी, काय लिहून. तोंडी परत पाठवलं असेल तर लेखी मागा. यादी महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची एकत्र करायची. निपाणी, बेळगाव, हुबळीतली आपली पोरं आहेत, त्यांच्याशी बोला. मराठीत जमलं नाही तर कन्नडात बोला. यादीत बदल करायचा अधिकार एकट्या संसदेला आहे, तेव्हा मागणी मुंबईला किंवा बेंगलोरला नेऊन भागणार नाही. ती दिल्लीला न्यायची, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी. आणि त्याच फेरीत, सहापदरीवर वस्तीसमोर भुयारी रस्ता कुठं नाही, तेही लिहून घ्या.

दिल्लीला जायचा रस्ता ठाऊक आहेच. दारावरनंच जातो. यावेळी ओझं घेऊन हद्दीपर्यंत जायचं नाही. शेवटपर्यंत जायचं.

जय भीम.